वारा पडला की समुद्र तापतो

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं समुद्राबद्दलची आहेत. बेळगावाला समुद्र नाही खरा, पण चोर्ला घाट उतरला की अडीच-तीन तासांत आपण पणजीला पोचतो, मासळी रोज तिकडूनच येते आणि पाऊस तर सगळाच तिकडून. त्यामुळे मला नवल वाटलं नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. दोघांनी नाव छापू नका म्हणून बजावलंय, म्हणून कुणाचीच नावं न देता फक्त गावं दिलीत.

येळ्ळूरहून एक शेतकरी लिहितात: "बाई, 2023 साली धूळवाफ पेरणी केली. पाऊस आधीच लांबलेला. जुलैत चांगला लागला तेव्हा जरा जीव भांड्यात पडला, तर ऑगस्टात आभाळ कोरडं ठाक. भात पोटरीला यायच्या आधीच शेताला भेगा. टीव्हीवर रोज पॅसिफिक महासागर तापलाय म्हणून सांगत होते. तो समुद्र तापला तर आमच्या शिवारात पाऊस का थांबावा? आणि एवढा मोठा समुद्र तापवला कुणी?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

तापवला सूर्यानंच. पण सूर्य काही 2023 साली जास्त तळपला नव्हता. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर बारा महिने ऊन असतं, दर चौरस मीटरला रात्रंदिवसाची सरासरी काढली तर 200 वॅटच्या आसपास. एवढं ऊन रोज पोटात घेऊनही ते पाणी 29-30 अंशांच्या फार पुढं जात नाही, कारण आलेली उष्णता बाहेर जायची वाट उघडी असते. तेव्हा समुद्र तापला म्हणून ऐकलं की मी आधी विचारते, रोज निवणारं हे पाणी निवायचं का थांबलं? उत्तर बहुतेक वेळा वाऱ्यापाशी येऊन थांबतं.

शाळेत शिकवत असताना मे महिन्याच्या वर्गात मी एक प्रयोग करून घ्यायची. गच्चीवर दोन पराती, दोन्हींत सारखंच पाणी, दोन्ही उन्हात. एकीवर टेबल फॅन लावायचा, दुसरी तशीच. दुपारी तापमापी बुडवली की पंख्याखालच्या परातीतलं पाणी चार-पाच अंश थंड निघायचं, आणि संध्याकाळी त्याच परातीत पाणीही कमी भरायचं. पोरं म्हणायची, "बाई, पाणी उडालं की!" तेच तर. पाणी उडताना उष्णता घेऊन उडतं. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून जास्त उष्णता तेच पाणी वाफ होऊन जाताना नेतं. समुद्रावर वारा जोरात असला की वाफ भराभर जाते. वारा पडला की वाफेची चादर पाण्यावरच रेंगाळते आणि ऊन आतच मुरतं.

वारा आणखी एक काम करतो, ते परातीत दिसत नाही. तो समुद्र ढवळतो. वरचं तापलेलं पाणी खाली, खालचं थंड पाणी वर. वारा नसला तर वरचा पातळ थर एकटाच तापत राहतो, आणि गरम पाणी हलकं असल्यामुळे ते खाली जायचंही नाव घेत नाही. आकाश निरभ्र असलं तर मग विचारूच नका. जगभरच्या उष्ण समुद्रांत ज्या अचानक उष्णतेच्या लाटा येतात, त्यांतल्या कितीतरी या तीन गोष्टी जुळल्यावर येतात: ऊन भरपूर, ढग कमी आणि वारा पडलेला.

आता पॅसिफिककडे. एरवी तिथं विषुववृत्तावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणजे पेरू-इक्वेडोरच्या किनाऱ्याकडून इंडोनेशियाकडे. वरचं तापलेलं पाणी ते ढकलत नेतात आणि पश्चिमेला साठवतात. हा साठा एवढा मोठा, की इंडोनेशियाच्या बाजूची समुद्रपातळी पेरूच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. गरम पाण्याचा थर तिथं दीडशे मीटरच्या आसपास खोल जातो. पेरूच्या बाजूला तो पातळ असतो, आणि वारा वरचं पाणी हटवतो तसं खालचं थंडगार पाणी वर येत राहतं. त्या पाण्यात खत भरपूर, म्हणून पेरूची मासेमारी जगात नावाजलेली.

पश्चिमेला गरम आणि पूर्वेला थंड, हा फरकच वाऱ्याला वाहायला लावतो. गरम पाण्यावरची हवा वर चढते, तिच्या जागी पूर्वेकडची हवा धावते. म्हणजे वाऱ्यामुळे फरक टिकतो आणि फरकामुळे वारा टिकतो. जेकब बर्कनेस या नॉर्वेजियन-अमेरिकन शास्त्रज्ञानं 1969 साली ही जोडी नीट उलगडून दाखवली. तिच्यातच एल निनोचं, म्हणजे मध्य आणि पूर्व पॅसिफिक नेहमीपेक्षा जास्त तापण्याचं, मर्म आहे, कारण जोडीतला एक ढिला पडला की दुसराही पडतो. वारा थोडा मंदावला की पश्चिमेचं गरम पाणी पूर्वेकडे परत सरकतं, फरक कमी होतो, मग वारा आणखी मंदावतो. एकदा ही घसरण लागली की मध्य आणि पूर्व पॅसिफिक महिन्यागणिक तापत जातो. 1997 साली पेरूकडच्या बाजूला समुद्र नेहमीपेक्षा 4 अंशांहूनही जास्त तापला होता.

आणि पहिला धक्का कोण देतं? बरेचदा पश्चिम पॅसिफिकवर उलट दिशेनं, पश्चिमेकडून, वाऱ्याचे झोत सुटतात. काही दिवसांचेच असतात. पण त्यांनी पाण्याखाली एक लाट सुटते, जी विषुववृत्ताला धरून दोन-तीन महिन्यांत सगळा पॅसिफिक ओलांडते. जहाजावरच्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. वर पाणी शांत, आणि खाली गरम थर जाड होत पूर्वेला सरकतोय. पश्चिमेला गरम पाण्याचा साठा आधीच तुडुंब असेल तरच हा धक्का लागू पडतो. साठा नसेल तर कितीही झोत येवोत, काही होत नाही.

आता येळ्ळूर. ढग आणि पाऊस गरम पाण्याच्या मागं जातात. इंडोनेशियाजवळ हवा वर चढायची ती जागा मध्य पॅसिफिककडे सरकली, की तिकडं वर गेलेली हवा कुठंतरी खाली उतरणारच. ती इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या बाजूला उतरते. खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते, ढगांना डोकं वर काढू देत नाही. तुमच्या शिवारावरचं ऑगस्टातलं ते निळंभोर आभाळ म्हणजे तेच. त्या वर्षी 8 जूनला पाऊस केरळात पोचला, जुलैत देशभर सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त झाला, आणि ऑगस्टात 36 टक्के कमी. 1901 पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. चार महिन्यांची बेरीज मात्र सरासरीच्या 94 टक्के निघाली, आणि काही जण टीव्हीवर म्हणाले, फार वाईट नव्हता. भाताला बेरीज कळत नाही हो. त्याला पाणी हवं असतं त्या आठवड्यात हवं असतं.

हे नातं शोधण्याची सुरुवातच दुष्काळातून झाली. 1876-78 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातले आपल्या बाजूचे जिल्हे, विशेषतः तेव्हाचा कलादगी जिल्हा, होरपळून निघाले. पॅसिफिकमध्ये 1877 साली फार मोठा एल निनो होता हे आता माहीत आहे, तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. 1904 साली गिल्बर्ट वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. हा मूळचा गणिती माणूस. मान्सून का फसतो याचा माग काढायला त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जमवले. त्यांना दिसलं, की पॅसिफिकवर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो आणि उलटही. हा दाबाचा झोका आणि पेरूजवळचं तापलेलं पाणी एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे सिद्ध व्हायला मात्र बर्कनेस यावे लागले.

खानापूरहून बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी विचारते: "बाई, 1997 सालचा एल निनो शतकातला सगळ्यात मोठ्यांपैकी होता असं पुस्तकात आहे. मग त्या वर्षी भारतात पाऊस चांगला कसा? आणि 2019 साली आमच्याकडे मलप्रभेला पूर आला तेव्हा कुठला समुद्र तापला होता?"

शाबास. हा प्रश्न मोठमोठ्या लोकांनाही पडला होता. 1997 साली देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. त्याउलट 2002 साली एल निनो मध्यमच होता, तरी पाऊस 81 टक्क्यांवर आला. म्हणजे पॅसिफिक एकटा सगळं ठरवत नाही.

1997 साली आपल्याच हिंदी महासागरात एक गोष्ट घडत होती. सुमात्रा-जावाच्या किनाऱ्याला आग्नेयेकडून जोराचा वारा लागला. त्यानं तिथलं वरचं पाणी हटवलं, खालचं थंड पाणी वर आलं, आणि गरम पाणी पश्चिमेला, आफ्रिकेच्या बाजूला, साठत गेलं. एकाच महासागराची एक बाजू निवाली आणि दुसरी तापली. पूर्व आफ्रिकेत पूर आले, इंडोनेशियात पाऊस नाही म्हणून जंगलं धुमसत राहिली. 1999 साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांनी 'नेचर' मध्ये लेख लिहून या घडामोडीला इंडियन ओशन डायपोल असं नाव दिलं. चौघांतले तिघे भारतीय आहेत, हे मी वर्गात मुद्दाम सांगायची. बातम्यांत आयओडी म्हणतात ते हेच. पश्चिमेची बाजू तापली की तो धन, पूर्वेची तापली की ऋण.

बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ मूळच्या पुण्याच्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या तापमानापेक्षा वरच्या ढगांवर बोट ठेवलं. विषुववृत्तावर हिंदी महासागराच्या पश्चिम भागात ढग जास्त दाटले आणि पूर्व भागात कमी, की आपल्या मान्सूनला हात मिळतो. उलट झालं की फटका. 1997 आणि 2002 ही दोन वर्षं शेजारीशेजारी ठेवली की त्यांचं म्हणणं पटतं. मला स्वतःला हे स्पष्टीकरण नुसत्या आयओडीपेक्षा जास्त भावतं, कारण पाऊस शेवटी ढगातून पडतो. पाणी 28 अंशांच्या वर गेलं म्हणजे ढग उंच वाढायला जागा झाली एवढंच, ते वाढतीलच असं नाही.

2019 चं थोडं सांभाळून सांगते. त्या वर्षी धन आयओडी फारच तीव्र होता, नोंदींतल्या सगळ्यात तीव्रांपैकी. जूनमध्ये देशात पाऊस 33 टक्के कमी होता, तरी हंगामाअखेर बेरीज 110 टक्के झाली, आणि परतीचा पाऊस 9 ऑक्टोबरपर्यंत हलला नाही. ऑस्ट्रेलिया त्याच सुमाराला जळत होती. पण ऑगस्टातल्या त्या आठवड्यात घाटावर जो पाऊस कोसळला आणि खानापूरपासून चिकोडीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली, त्यामागं त्या आठवड्याची स्वतःची हवा होती आणि धरणांचं पाणीही होतं. सगळा पूर समुद्राच्या माथी मारू नकोस. परीक्षेत लिहिताना "अनुकूल परिस्थिती" एवढंच लिही, मार्क पूर्ण मिळतील.

बेळगाव, शहापूरहून एक गृहिणी: "बाजारात तारली बघायला मिळेना आणि मिळाली तर भाव ऐकून परत फिरावं लागतं. मासळीवाली म्हणते, समुद्र तापलाय अक्का, मासा खोल गेला. खरं सांगते की भाव वाढवायला कारण?"

अर्धं खरं सांगते. आधी एक खात्री करा, कुठल्या महिन्यात म्हणाली? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा बेळगावात येतो तो बर्फातला माल, तो महागच असणार. त्यात समुद्राचा दोष नाही. कल्ले उघडून बघा, लाल नसून करडे असले तर तिला तिथंच विचारा.

इतर महिन्यांत मात्र तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तारलीचं पोट भरतं ते पावसाळ्यात. मान्सूनचा वारा केरळ-कर्नाटक किनाऱ्यावरचं वरचं पाणी लोटून देतो, खालचं थंड आणि खतवंत पाणी वर येतं, त्यावर हिरवे सूक्ष्म जीव माजतात आणि ते खायला तारलीचे थवे किनाऱ्याला लागतात. वर तापलेल्या, हलक्या पाण्याचा जाड थर बसला तर खालचं पाणी वर यायला अडखळतं. खत नाही तर खाणं नाही, खाणं नाही तर मासा नाही. केरळात 2012 साली जवळजवळ 4 लाख टन तारली मिळाली होती आणि 2021 साली साडेतीन हजार टनांच्याही खाली. मधल्या 2015 च्या एल निनोचा यात हात होता असं कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांचं मत आहे. पण बारीक जाळ्यांनी पिल्लं ओढून ती मासळीच्या कुटाच्या कारखान्यांना विकली, हेही विसरू नका. तारली सगळी समुद्रानं खाल्लेली नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण आपल्या शेजारच्या या समुद्राचं एक गुपित सांगते. एप्रिल-मे महिन्यात जगातल्या सगळ्यात गरम समुद्रांपैकी एक आपल्या दाराशी असतो, लक्षद्वीप ते केरळ-कर्नाटक किनारा या पट्ट्यात. तिथं पाणी 30 अंशांच्या वर जातं. का? त्याची तयारी हिवाळ्यातच होते. गंगा-ब्रह्मपुत्रा आणि पूर्वेकडच्या नद्यांचं गोडं पाणी बंगालच्या उपसागरातून प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून इकडं येतं. कमी खारं म्हणून ते हलकं, म्हणून वरच तरंगतं, आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. मग मार्च-एप्रिलात वारा मंद, आभाळ स्वच्छ, सूर्य डोक्यावर. हा पातळ थर एकटाच तापत बसतो. गंगेचं पाणी कारवारच्या बाजूचा समुद्र तापवायला मदत करतं, असं मी वर्गात सांगितलं की पोरं एकमेकांकडे बघायची.

ही गरमी दरवर्षीची, त्यामुळे तिला कुणी संकट म्हणत नाही. एखाद्या ठिकाणचं पाणी त्या तारखेच्या तीसेक वर्षांच्या नोंदींत सगळ्यात गरम दहा टक्क्यांत जाऊन बसलं आणि किमान पाच दिवस तिथंच राहिलं, की तिला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. 2016 सालापासून हीच व्याख्या बहुतेक ठिकाणी वापरतात. मे 2020 मध्ये तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात अशी लाट आली आणि नंतरच्या पाहणीत तिथली 85 टक्के प्रवाळं पांढरी पडलेली आढळली. मासा पोहून खोल जातो, प्रवाळ कुठं जाणार?

जूनमध्ये मान्सूनचा वारा सुटला की हा सगळा पसारा मोडतो. सोमालियाकडून येणारा तो वारा इतका जोरदार असतो, की उत्तर गोलार्धातले बाकीचे समुद्र जुलैत तापत असताना अरबी समुद्र निवतो. पाऊस यायला उशीर झाला तर समुद्राला निवायलाही उशीर होतो. आणि त्या मधल्या काळात वादळ उभं राहिलं तर त्याला खुराक तयारच असतो. मे 2021 मधलं तौक्ते आठवा. गोवा-कारवारला घासून ते गुजरातेत गेलं आणि आपल्याकडे भर मे महिन्यात झाडं पडली.

निपाणीहून एक वाचक: "व्हॉट्सॲपवर आलं की समुद्राच्या तळाशी हजारो ज्वालामुखी आहेत, ते फुटतात म्हणून एल निनो होतो आणि शास्त्रज्ञ हे लपवतात. तुमचं मत?"

तळाशी ज्वालामुखी आहेत. कुणी लपवलेले नाहीत, शाळेच्या पुस्तकात आहेत. पण हिशेब बघा. समुद्राच्या तळातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 0.1 वॅट. वरून पडणारं ऊन 200 वॅट. तंबाखूच्या व्यवहारात एवढा फरक असता तर तुम्ही तो कागद तिथंच फाडला असता. शिवाय तळाशी जाळ असता तर पाणी खालून तापायला हवं. जगभर समुद्रात चारेक हजार आर्गो नावाची तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. ती दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत बुडी मारून तापमान मोजत वर येतात. एल निनोत तापतात ते वरचे काही शे मीटर, आणि तेही पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत.

जमिनीवरचे ज्वालामुखी तर उलटंच करतात. 1991 साली फिलिपाइन्समधला पिनातुबो फुटला तेव्हा त्याच्या धुरानं ऊन अडवलं आणि पृथ्वी वर्ष-दीड वर्ष सुमारे अर्ध्या अंशानं निवाली. 1982 साली मेक्सिकोत एल चिचोन फुटला, त्याची धूळ वर पसरली आणि उपग्रहांना समुद्र आहे त्यापेक्षा थंड दिसायला लागला. नेमका त्याच वर्षी शतकातला एक मोठा एल निनो खाली वाढत होता आणि कितीतरी महिने कुणाला पत्ता नव्हता. त्या फजितीनंतरच पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताला धरून मोजमाप करणारे सत्तरेक तरंगते बोये नांगरून ठेवले. तुमच्या मेसेजवाल्याला एवढं एक कळवा.

रायबागहून एक शिक्षक: "एल निनो पूर्वीही होता म्हणता, मग हवामानबदलाचा एवढा गाजावाजा कशाला?"

सर, झोका पूर्वीही हलत होता, पण आता तो ज्या उंचीवरून हलतो ती उंची वाढली आहे. हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडनं अडवलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. वरचं जेमतेम तीन मीटर पाणी सगळ्या वातावरणाएवढी उष्णता साठवतं, त्यामुळे समुद्रानं ती बरीच वर्षं निमूटपणे गिळली. केंद्र सरकारच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सरासरी 1 अंशानं तापला, जगाच्या समुद्रांची सरासरी 0.7. आपला समुद्र उत्तरेला आशियानं बंद केलेला, उष्णतेला तिकडं निसटायला वाट नाही. आता पूर्वीइतकाच वारा पडला तरी पाणी पूर्वीपेक्षा वरच्या आकड्याला पोचतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासात 1982 नंतर पश्चिम हिंदी महासागरात सागरी उष्णतेच्या लाटा दर दशकात साधारण दीडनं वाढत गेलेल्या दिसल्या.

आणि सगळं खापर वाऱ्यावरही नको. 2011 साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर जबर लाट आली तेव्हा एल निनोच्या नेमकी उलट अवस्था, ला निना, होती. जोरदार व्यापारी वाऱ्यांनी पश्चिमेला साठवलेलं गरम पाणी प्रवाहानं तिकडं वाहून नेलं. एकीकडचा वारा दुसरीकडचं पाणी तापवतो, असंही घडतं.

अथणीहून दोघा भावांचं पत्र: "एप्रिलमध्येच एल निनो येणार म्हणून बातम्या सुरू होतात. बियाणं तूर घ्यायचं, मका घ्यायचा की थांबायचं?"

एप्रिलच्या बातमीवर बियाणं घेऊ नका. मार्च ते मे या दिवसांत पॅसिफिकमधला पूर्व-पश्चिम फरक वर्षात सगळ्यात कमी असतो, वारा आणि पाण्याची जोडी सैल असते, आणि तेव्हा केलेले अंदाज बरेचदा फसतात. 2014 च्या सुरुवातीला पॅसिफिकखाली मोठी गरम लाट निघाली होती. जगभर ओरड झाली, प्रचंड एल निनो येणार म्हणून. वाऱ्यानं साथ दिली नाही आणि तो विरला. गंमत म्हणजे तरीही त्या वर्षी आपला पाऊस 88 टक्केच झाला. मोठा एल निनो पुढच्या वर्षी आला आणि 2015 चा पाऊस 86 टक्क्यांवर थांबला.

हवामान खातं एप्रिलमध्ये पहिला अंदाज देतं आणि मेच्या शेवटी तो सुधारतं. तो दुसरा बघा. त्याबरोबर पुण्याहून एल निनो आणि आयओडीची मासिक टिपणही निघतं, त्यातला आयओडीचा परिच्छेद टीव्हीवाले सहसा वाचत नाहीत, तुम्ही वाचा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पॅसिफिक तापलेला आणि हिंदी महासागर गप्प असं दिसलं, तर रयत संपर्क केंद्रात कमी दिवसांच्या वाणाची चौकशी करा आणि सगळं रान एकाच पिकाखाली घालू नका. दोन्ही समुद्र गप्प असतील तर तुमच्या नेहमीच्या तुरीला हरकत नाही. मक्याचं मला विचारू नका, त्यातलं मला फारसं कळत नाही. ते तुमच्या शेजारच्या बांधावर विचारा.